ठेंगणा कोनफ्लॉवर दुसऱ्या वर्षी का येत नाही: फुकटच्या तपासण्यांपासून खर्चाच्या उपायांपर्यंत

मे महिना लागला की मध्य न्यू जर्सीतल्या ओळखीच्या मंडळींचे मला एकाच मजकुराचे मेसेज यायला लागतात. सोबत फोटो असतो. फोटोत मल्च (वाफ्यावर पसरतात तो लाकडाच्या सालीच्या चुऱ्याचा थर), मल्चमध्ये खोचलेलं रंगीत लेबल, आणि लेबलाशेजारी काहीही नाही. गेल्या उन्हाळ्यात नर्सरीतून आणलेला ठेंगणा कोनफ्लॉवर (मधे शंकूसारखं बोंड आणि भोवती पाकळ्या असलेलं फुलझाड), केशरी नाहीतर लालभडक, दीड फुटाच्या आत फुलांनी लगडलेला, यंदा उगवलेलाच नसतो. लेबलावर ‘पेरेनियल’ लिहिलेलं असतं, म्हणजे दरवर्षी यायला हवा. मग निष्कर्ष ठरलेला: ‘काकू, थंडी सोसली नाही बहुतेक.’

थंडी बहुतेक वेळा निर्दोष असते. हेच झाड विस्कॉन्सिन आणि मिनेसोटाच्या हिवाळ्यात तग धरतं, आपल्याकडची थंडी त्या मानाने काहीच नाही. इथे ते मरतं ते हिवाळाभर ओल्या मातीत मुळं बुडून राहिल्यामुळे, मानेपर्यंत मल्चमध्ये पुरलं गेल्यामुळे, किंवा मुळं कुंडीतल्या गोळ्याबाहेर कधी गेलीच नाहीत म्हणून. आणि बरेचदा ते मेलेलंच नसतं.

तपासण्या फुकटच्या आधी, घाम गाळायच्या त्यानंतर आणि पैसे मोजायच्या सर्वांत शेवटी अशा क्रमाने दिल्या आहेत. हा क्रम मोडू नका. पहिल्या दोन तपासण्यांतच निम्म्याहून जास्त लोकांचं काम होतं आणि तोवर नवं रोप आणायला कोणीतरी गाडी काढलेली असते.

आधी लक्षणं

तक्रार एकच वाटली तरी तिच्यामागे वेगवेगळी कारणं असतात. तुमचं झाड यांतल्या कशात बसतं ते ठरवा.

- शेजारच्या डेलिली आणि सेडम चांगल्या वर आल्या, कोनफ्लॉवरच्या जागी नुसती माती.
- एक-दोन कोंब येतात, चार पानं काढतात आणि जूनच्या पहिल्या कडक उन्हात माना टाकतात. हलकेच ओढलं तर झाड हातात येतं.
- झाड आलं, पण ठेंगणं राहिलं नाही. तीन फुटांच्या वर गेलं आणि एका जोरदार सरीत आडवं झालं.
- केशरी लावला होता, गुलाबी आला.
- कोंब किंवा कळ्या कोणीतरी कापून नेल्यासारख्या दिसतात.
- फुलं येतात पण विचित्र: पाकळ्या हिरवट, मधल्या बोंडातून पानांचे झुबके.
- पानांवर भुरी किंवा काळे डाग.

पहिल्या दोन लक्षणांसाठी सगळ्या तपासण्या ओळीने करा. बाकीच्यांनी थेट आपापल्या भागाकडे गेलं तरी चालेल.

१. कॅलेंडर बघा

मदर्स डे होईपर्यंत, म्हणजे मेचा दुसरा रविवार उलटेपर्यंत, त्या जागी खुरपं चालवू नका. साधा गुलाबी कोनफ्लॉवर एप्रिलमध्ये पानं दाखवतो, पण केशरी, पिवळ्या, लाल संकरित जाती आळशी असतात. त्यात वर जाड मल्च असेल तर माती उशिरा तापते आणि कोंब आणखी रेंगाळतात.

ही तपासणी पहिली ठेवण्याचं कारण असं की एप्रिलमध्ये ‘बघू तरी’ म्हणून उकरणारे लोक जमिनीखाली तयार झालेले कोंबच मोडतात. दोनचार कोंब असलेल्या लहान झाडाला एवढं नुकसान पुरेसं असतं. मग ते खरंच येत नाही आणि उकरणाऱ्याला वाटतं आपला अंदाज बरोबर होता.

२. मल्च हाताने बाजूला करा

ही तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे. खुरप्याने नाही, बोटांनी करायची.

टाउनहाउसच्या कॉलनीत दर एप्रिलला लँडस्केपवाले येतात आणि मागच्या वर्षीचं मल्च न काढता वर नवा थर पसरून जातात. दोन-तीन वर्षांत तो थर पाच-सहा इंचांचा होतो. झाडावर टाकलं की वाफ्यात, याची चौकशी कोणी करत नाही. लेबलाच्या शेजारी बोटं घालून हळूहळू खाली गेलात की आधी काळं, कोरडं मल्च लागतं. त्याखाली ओलं, तंतुमय मल्च लागतं, पांढऱ्या बुरशीच्या जाळीने एकमेकांना चिकटलेलं. आणि मग गड्डा, म्हणजे जिथे मुळं संपून कोंब सुरू होतात तो भाग. अनेकदा तिथे फिकट पिवळे, अंगठ्याएवढे लांब कोंब वाकडेतिकडे होऊन उजेड शोधत असतात. त्यांच्यावरचं ओझं काढा. आठवड्याभरात ते हिरवे होतात.

गड्डा चिमटीत धरून दाबा. टणक लागला आणि नखाने खरवडल्यावर आत पांढरट दिसला तर झाड जिवंत आहे. बोट आत शिरलं, तपकिरी लगदा निघाला, उग्र कुजका वास आला, तर ते गेलं. त्याला काढा, पण फेकू नका. पुढे त्याच्या मुळांचं काम आहे.

कोनफ्लॉवरचा गड्डा मातीच्या पातळीवर किंवा केसभर वर हवा. मल्च दोन इंचांहून जास्त नको आणि गड्ड्याभोवती चार बोटं जागा मोकळी. गड्ड्यावर ओलं पांघरूण राहिलं की हिवाळ्यात एकदा वितळलेलं पाणी तिथून हटत नाही. रात्री गोठतं, दुपारी वितळतं, आणि त्या उलटसुलटीत गड्डा सडतो.

आपल्या लोकांची इथे एक खास सवय आड येते: आळं करणं. नारळ असो, जास्वंद असो, झाड लावलं की भोवती मातीचा कठडा घालून आळं करायचं, हे हाताला लागलेलं असतं. कोकणातल्या एप्रिलात ते बरोबर आहे. न्यू जर्सीच्या फेब्रुवारीत त्याच आळ्यात बर्फाचं पाणी साठतं आणि कोनफ्लॉवर त्यात बुडून राहतो. आळं असेल तर मोडून टाका. उलट गड्ड्याकडे थोडा उंचवटा ठेवा, म्हणजे पाणी बाहेर वाहील.

३. हे तेच झाड आहे का?

‘केशरी लावला, गुलाबी आला’ ही तक्रार ऐकली की मी आधी झाड कुठे उगवलंय ते विचारते. लेबलापासून वीतभर लांब असेल तर प्रश्न सुटला. तुमचा ठेंगणा केशरी मेला आणि त्याच्या, किंवा शेजाऱ्याच्या कोनफ्लॉवरच्या, पडलेल्या बियांतून नवं रोप आलं. संकरित झाडाचं बी आईसारखं निघेलच असं नाही. भोवताली साधे गुलाबी कोनफ्लॉवर फुललेले असतील तर परागही त्यांचाच असतो, आणि पुढची पिढी उंच आणि गुलाबी होण्याकडे झुकते.

रोपात दोष नसतो, उलट ते चांगलं टिकाऊ असतं. पण ठेंगणा वाफा ठेवायचा असेल तर अशी रोपं लहान असतानाच उपटा किंवा मागच्या रांगेत हलवा. ज्यांना बियांपासूनच ठेंगणी झाडं करायची आहेत त्यांनी मुळात बियांसाठी तयार केलेल्या जाती घ्याव्यात, उदाहरणार्थ २०१० साली ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा (नव्या जाती लावून पारखणाऱ्या संस्थेचा) मान मिळालेला पॉववॉव वाइल्ड बेरी, किंवा २०१३ साली तो मिळालेला, एकाच पाकिटातून अनेक रंग देणारा शायान स्पिरिट.

४. कोणी खाल्लं का?

कोंबाचं टोक तिरकं आणि सुरीने कापल्यासारखं स्वच्छ असेल तर ससा. फाटलेलं, धागे लोंबणारं असेल तर हरीण. हरणाला वरचे दात पुढच्या बाजूला नसतात, ते चावून नाही तर ओढून तोडतं. एप्रिलमध्ये कोवळे कोंब सशाच्या तोंडी पडतात आणि आपल्याला वाटतं झाड आलंच नाही. उपाय स्वस्त आहे: बारीक छिद्रांची कोंबड्यांची जाळी दोन फूट उंच उभी करा आणि खालची कड दोन-तीन इंच मातीत दाबा. झाड फूटभर झालं की जाळी काढली तरी चालते.

उन्हाळ्यात कळीची मान बोंडाखाली इंचभर मोडून लटकत असेल तर ससा नाही, सोंड्या (लांब सोंडेचा छोटा किडा) आहे. देठाला गोल चावत जाऊन तो कळी मोडतो आणि बोंडात अंडी घालतो. लटकलेली बोंडं आणि खाली पडलेली बोंडं रोज गोळा करून साबणाच्या पाण्यात बुडवा. फवारणीची गरज नाही.

आणि जुलैतले ते हिरवे-तांबडे चमकणारे जॅपनीज बीटल. अमेरिकेत ते पहिल्यांदा सापडले १९१६ साली, आपल्याच न्यू जर्सीतल्या रिव्हरटनमध्ये, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही. सकाळी गारव्यात ते सुस्त असतात, साबणाच्या पाण्याच्या डब्यात झटकायचे. दुकानात मिळणारा वासाचा सापळा लावू नका, तो शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बीटलही तुमच्या अंगणात बोलावतो.

५. पाणी कोण देतंय?

उत्तर बहुतेक ‘स्प्रिंकलर’ असतं. लॉनसाठी पहाटे लावलेला स्प्रिंकलर आठवड्यातून चार-पाच वेळा वाफ्यावरही फिरतो आणि पाऊस पडला तरी थांबत नाही. पहिल्या वर्षी लावल्यानंतरच्या काही आठवड्यांत कोनफ्लॉवरला नियमित पाणी हवं. नंतर आठवड्याला इंचभर पुरतं, पाऊस धरून.

लांब स्क्रूड्रायव्हर झाडापासून वीतभर अंतरावर मातीत खुपसा आणि बाहेर काढून बघा. चिखल चिकटून आला तर पाणी नको. सहज सहा इंच आत गेला आणि ओलसर पण स्वच्छ बाहेर आला तर मातीत वाफसा आहे, हीच स्थिती हवी. आतच जात नसेल तर माती एकतर कोरडी आहे किंवा धुम्मस केल्यासारखी दाबलेली आहे. दुसऱ्या शक्यतेकडे सातव्या मुद्द्यात येते.

दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच नळी घेऊन धावू नका. सकाळी सातला बघा. सकाळी ताठ असतील तर झाडाला तहान लागलेली नाही, ते फक्त ऊन चुकवत होतं. सकाळीही मलूल असतील आणि माती ओली असेल, तर मुळं सडताहेत आणि आणखी पाणी म्हणजे शेवटचा घाव. ‘मलूल आणि ओलं’ ही जोडी लक्षात ठेवा. या एका लक्षणावर लोक हमखास उलटा उपाय करतात.

पानांवर काळे, कोनाकोनाचे डाग दिसत असतील तरी पहिला संशयित स्प्रिंकलरच. पाणी पानांवर न पडता मुळाशी पडेल असं करा, डागाळलेली पानं काढा. भुरी मात्र पाण्यापेक्षा दाटीमुळे आणि सावलीमुळे येते. झाडांमध्ये सव्वा ते दीड फूट अंतर ठेवा.

६. ऊन आणि खत

दोन्ही एकत्र घेते, कारण लक्षण एकच: झाड उंच, लुळं, लोळणारं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून दर दोन तासांनी वाफ्याचा फोनवर फोटो काढा. सहा तास थेट ऊन पाहिजे, आठ मिळालं तर उत्तम. हे जूनमध्ये करा. एप्रिलमध्ये मेपलला पानं नसतात आणि सगळं अंगण उन्हाचं वाटतं. घर घेताना जे अंगण भरपूर उन्हाचं होतं ते दहा वर्षांत शेजारचा ओक वाढल्यामुळे अर्धं सावलीत गेलेलं असतं, हेही कोणाच्या ध्यानात येत नाही.

ऊन पुरेसं असूनही झाड लोळत असेल तर खत तपासा. कोनफ्लॉवरला खत जवळजवळ लागतच नाही. वसंतात मूठभर कंपोस्ट टाकलं की वर्षाचं भागलं. पण लॉनवर यंत्राने फेकलेलं नत्राचं खत वाफ्याच्या कडेवर पडतं आणि ठेंगणं झाड भलतंच उंच होतं. लॉनवाल्यांना कडेपासून दोन फूट लांब राहायला सांगा. माती परीक्षण करायचंच असेल तर न्यू ब्रन्सविकला रटगर्स विद्यापीठाची प्रयोगशाळा आहे, नमुना पाठवला की खताचा सल्लाही मिळतो. मात्र केवळ कोनफ्लॉवर आला नाही म्हणून मी ते करायला सांगणार नाही. मातीतल्या अन्नाच्या कमतरतेने हे झाड मेलेलं मी पाहिलेलं नाही.

ड्राइव्हवेच्या कडेला असलेल्या झाडांचं वेगळं दुखणं असतं. हिवाळ्यात बर्फासोबत ढकललेलं मीठ तिथेच वितळतं. फक्त कडेची रांग मरत असेल आणि आतली ठीक असेल तर दुसरं काही शोधू नका, ती रांग चार फूट आत घ्या.

७. मेलेलं झाड उपटून मुळं बघा, मग निचरा मोजा

दुसऱ्या तपासणीत बाजूला ठेवलेलं झाड आता घ्या. उपटलेल्या मुळांचा आकार बघा. पुष्कळदा तो अजून कुंडीचाच असतो, अगदी तळाच्या भोकांच्या खुणांसह. मुळं गोल गोल फिरलेली, मधे नर्सरीतलं तपकिरी पीट (कुंडीत भरतात तो कुजलेल्या शेवाळाचा भुसा) जसंच्या तसं, आणि बाहेरच्या लाल मातीत एकही मूळ नाही. म्हणजे झाड वर्षभर तुमच्या वाफ्यात होतं, पण मातीत नव्हतंच. पीट एकदा भिजलं की पाणी सोडत नाही आणि एकदा पूर्ण सुकलं की घेत नाही. जूनमध्ये माना टाकणारी झाडं ती हीच.

नवं लावताना तो गोळा हाताने मोकळा करा, बाहेरचं पीट निम्मं तरी झटका, गोल फिरलेली मुळं सरळ करा, अडली तर कापा. जीव कापतो, पण करा. लावायची वेळही महत्त्वाची. सप्टेंबरच्या मध्यानंतर सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळणारं फुललेलं झाड म्हणजे उसना बहर. त्याने सगळी ताकद फुलांत घातलेली असते. विकत घेण्याआधी देठ बाजूला करून बुडाशी बघा. जमिनीलगत पानांचा नवा झुबका असेल तर घ्या. नुसते फुलांचे दांडे असतील तर तिथेच ठेवा, किंवा घरी आणून सगळी फुलं त्याच दिवशी छाटा. त्या झुबक्यातूनच पुढच्या वर्षीचे कोंब येतात. पहिल्या वर्षी ऑगस्टनंतरच्या कळ्या खुडून टाकणं हा दुसऱ्या वर्षाचा सर्वांत स्वस्त विमा आहे.

आता निचरा. मध्य न्यू जर्सीत बऱ्याच ठिकाणी लाल शेलवर (थराथरांच्या मऊ खडकावर) बसलेली चिकणमाती आहे, त्यावर बिल्डरच्या यंत्रांनी दाबलेला भराव आणि त्यावर देखाव्यापुरती चार इंच काळी माती. वरून छान दिसतं, खाली पाणी तुंबतं. मोजायची रीत सोपी आहे. फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा खणा. पाण्याने भरा, जिरू द्या. दुसऱ्यांदा भरा आणि काठावर पट्टी ठेवून ताशी किती इंच पाणी उतरतं ते बघा. ताशी इंच ते तीन इंच म्हणजे ठीक. इंचापेक्षा कमी असेल तर त्या जागी कोनफ्लॉवर जगला तर नशीब. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी असेल तर पुढचे प्रयत्न थांबवा आणि शेवटचा भाग वाचा.

एवढा काटेकोरपणा का, तर या रंगीत ठेंगण्या जातींची वंशावळ बघा. साधा गुलाबी कोनफ्लॉवर तंतुमय मुळांचा आणि तसा सोशिक. पण पिवळा-केशरी रंग आला तो मिसुरी आणि आर्कान्सामधल्या ओझार्क डोंगरांवरच्या पिवळ्या कोनफ्लॉवरकडून. तो खडकाळ माळरानात सोटमूळ खोल घालून राहणारा. काही जातींच्या ठेंगणेपणात टेनेसी कोनफ्लॉवरचा वाटा आहे. तो नॅशव्हिलच्या आसपास चुनखडकावरच्या वीतभर मातीत वाढणारा, १९७९ साली संकटग्रस्त ठरलेला आणि २०११ साली त्या यादीतून बाहेर आलेला. शिकागो बोटॅनिक गार्डनच्या पिक्सी मेडोब्राइटमध्ये त्याचं रक्त आहे. या पूर्वजांच्या पायाशी पाणी कधी उभं राहिलंच नाही. रंग आणि उंची त्यांच्याकडून घ्यायची आणि राहायला तुंबणारी चिकणमाती द्यायची, हे जमत नाही.

उपाय: खड्डा खणून त्यात चांगली माती भरू नका, चिकणमातीत ते टाकीसारखं पाणी साठवतं. तळाला खडी घालूनही निचरा होत नाही, उलट ओलावा खडीच्या वर अडून राहतो. चिकणमातीत वाळू मिसळण्याच्या भानगडीतही पडू नका, पुरेशी पडली नाही तर विटेसारखं घट्ट होतं. त्याऐवजी आठ ते बारा इंच उंच वाफा करा, आहे त्याच मातीत कंपोस्ट मिसळून, बाजू उतरत्या ठेवून. सहा झाडांसाठी एक सकाळ आणि थोडीफार पाठदुखी लागते.

दरवर्षी वाफा उंच करूनही झाडं जात असतील तर जात बदला. डेलावेरच्या माउंट क्यूबा सेंटरने २०१८ ते २०२० अशी तीन वर्षं ७५ कोनफ्लॉवर शेजारी शेजारी लावून बघितले. त्यांचं हवामान जवळजवळ आपलंच. तिथे वर आलेल्या नावांत पिका बेला हा गुलाबी, आणि केशरीत सोंब्रेरो अडोबी ऑरेंज होता. डबल, पॉमपॉमसारखी फुलं मधमाश्या टाळतात, हेही तिथे दिसलं. मला स्वतःला ती फुलं कागदाची वाटतात, पण आवड ज्याची त्याची.

८. फुलं वेडीवाकडी: कोळी की यलोज?

हा भाग नीट वाचा. एकात झाड वाचतं, दुसऱ्यात काढावंच लागतं.

बोंडाच्या वरच्या टोकाला काटेरी झुबके, वेड्यावाकड्या पाकळ्यांचे पुंजके, पण बाकी पाकळ्यांचा रंग शाबूत, पानं हिरवीगार आणि त्याच झाडावर दुसरी फुलं चांगली: हा कळीत राहणाऱ्या, साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्याचा प्रताप. कोकणात नारळाची साल खरबरीत करणारा इरिओफाइड कोळी याच कुळातला. बाधित फुलं देठासकट कापून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. शरद ऋतूत झाड जमिनीलगत छाटा आणि छाटलेलं वाफ्यात ठेवू नका. एरवी मी वाळलेली बोंडं हिवाळाभर ठेवायला सांगते, कारण गोल्डफिंच बियांसाठी त्यांवर येऊन बसतात, आणि तो आपल्या राज्याचा पक्षी आहे. कोळ्याच्या वर्षी मात्र पाहुण्यांची सोय बाजूला.

पाकळ्या हिरव्या, बोंडातून पानं किंवा छोटी फुलं देठांवर वर आलेली, नवी पानं पिवळट, बुडातून बारीक काटक्यांचा झाडूसारखा गुच्छ, आणि हे पूर्ण झाडावर: हा ॲस्टर यलोज. गावाकडे वांगी लावलेल्यांना पर्णगुच्छ माहीत असेल, त्याचाच हा भाऊबंद. रोगकारक फायटोप्लाझ्मा (जिवाणूसारखा सूक्ष्मजीव), पसरवणारे तुडतुडे. यावर औषध नाही, छाटून बरा होत नाही. झाड मुळासकट काढा. कात्रीने किंवा हाताने तो पसरत नाही, तुडतुड्याने पसरतो, म्हणून झाड ‘अजून फुलतंय’ म्हणून ठेवणं शेजारच्या झेंडू-शेवंतीला महागात पडतं. त्या जागी कोनफ्लॉवर पुन्हा लावता येतो, फायटोप्लाझ्मा मातीत राहत नाही. तणं मात्र साफ ठेवा, त्यांच्यातही तो मुक्काम करतो.

एक-दोन झाडांत ओळखता आलं नाही आणि वाफ्यात वीस झाडं असतील तर अंदाजाने उपटू नका. पुढच्या भागाकडे या.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

निदान पक्कं होत नसेल तर आपल्या काउंटीतल्या रटगर्स एक्स्टेन्शनच्या (विद्यापीठाच्या सल्लासेवेच्या) मास्टर गार्डनर हेल्पलाइनला फोन करा, स्वयंसेवक फुकट सल्ला देतात. त्यांनाही संशय राहिला तर ते रटगर्सच्या रोगनिदान प्रयोगशाळेचा रस्ता दाखवतील. तिथे फी पडते, पण पूर्ण वाफा उपटण्यापेक्षा स्वस्त. नमुना म्हणून नुसतं फूल नेऊ नका, मुळासकट अख्खं झाड न्या, मेलेलं नव्हे, मरायला टेकलेलं. पूर्ण सडलेल्या झाडातून मूळ रोग शोधणं अवघड जातं.

खड्ड्यात दुसऱ्या दिवशीही पाणी, वाफा घराच्या भिंतीला लागून आणि तळघराची भिंत ओलसर, असं तिन्ही असेल तर हा बागेचा प्रश्न राहिलेला नाही. डाऊनस्पाऊटचं (छपराचं पाणी खाली आणणाऱ्या पाइपाचं) तोंड वाफ्यात उघडत असेल तर त्याला लांब पाइप जोडणं तुम्ही स्वतः करा. त्यापलीकडे जमिनीचा उतार बदलणं, जमिनीखालून निचऱ्याचा पाइप टाकणं ही कामं ड्रेनेजच्या जाणकाराला द्या. चुकीचा उतार दिलात तर पाणी तळघरात किंवा शेजाऱ्याकडे जातं, आणि दोन्ही प्रकरणं कोनफ्लॉवरपेक्षा महाग आहेत. एचओए (कॉलनीतल्या घरमालकांची संघटना) असेल तर लेखी परवानगी आधी.

आणि वाफा उंच करण्यापलीकडे, यंत्राने किंवा पहार घेऊन खोल खणणार असाल तर किमान तीन कामाचे दिवस आधी ८११ ला फोन करा. सेवा फुकट आहे, गॅस-विजेच्या लाइनींवर रंगाने खुणा करून जातात. खुणा होईपर्यंत खणायचं नाही, आणि खुणेजवळ यंत्र न लावता हातानेच.

निचऱ्याचं काम परवडत नसेल तर त्या ओल्या उन्हाच्या जागी स्वॅम्प मिल्कवीड लावा. तो इथलाच, ओल्या पायांनी खूश, आणि मोनार्क फुलपाखराच्या अळ्या त्यावर येतात. ठेंगणे कोनफ्लॉवर मोठ्या, भोकं असलेल्या कुंड्यांत घ्या, हिवाळ्यात कुंडी न तापवलेल्या गॅरेजमध्ये ठेवा, आणि तिथे महिन्यातून एकदा फुलपात्रभर पाणी, तेही माती हाताला कोरडी लागली तरच.